आनंदीची पाचशे साठ पानं

गिऱ्हाईकावर ओरडू नये, हे माझी बायको मला वीस वर्षं सांगते आहे. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक म्हणतात, गुरुप्रसादच्या हाताला गुण आहे, फक्त तोंडाला कुलूप नाही. खोटं कशाला बोलू? चहा सांडलेला कीबोर्ड घेऊन कोणी येतो आणि ‘आपोआप बंद पडलो’ म्हणून सांगतो, की माझं डोकं फिरतं. अशा माणसाकडे गेल्या भाद्रपदात, गणपती पोचवल्यावर चौथ्या दिवशी, आनंदी प्रिंटर घ्यायला आली.

आनंदी म्हणजे आमच्या वाडीतल्या निकेतची बायको. निकेत जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घर रेडीच्या रस्त्याला, माझ्या दुकानापासून मोटरसायकलने अर्धा तास. पूर्वी आनंदी डोंबिवलीत राहून एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. तीन वर्षांपूर्वी सासरे वारले आणि सासू, राधाबाई, घरात एकटी पडली. तेव्हा ही मुलीला घेऊन गावी आली आणि तेच काम घरातल्या कोपऱ्यात टेबल मांडून करायला लागली. आता त्या ऑफिसने कळवलं होतं की घरून काम बंद. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणजे आनंदी जाणार, दुसरीतली मुलगी रिया जाणार, आणि राधाबाई परत एकटी.

यातून वाट एकच होती. आमच्याकडच्या किशोरी वकीलबाईंना कोर्टाचे कागद घरी बसून तयार करणारं माणूस हवं होतं. टाइप करायचं, छापायचं, शिवून द्यायचं. त्यांनी आनंदीला सांगितलं होतं, एक मोठं काम वेळेत करून दाखव, मग कायमचं तुझं. अट एक. कागद बाहेरच्या दुकानात छापायचा नाही. मागे त्यांचा एक अर्ज कुठल्याशा दुकानात छापला होता आणि संध्याकाळपर्यंत विरुद्ध पार्टीला पाठ झाला होता. आमच्याकडे बांधावरचा माड कोणाचा यावर दोन पिढ्या कोर्टात जातात, तिथे दुसरं काय होणार?

आनंदीच्या घरी शाईचा प्रिंटर होता. श्रावणात वकीलबाईंचा एक कागद तिने त्याच्यावर छापून दिला, कोर्टाच्या पायरीवर त्याच्यावर चार थेंब पडले आणि पहिल्या पानावरची अर्धी नावं पसरली. म्हणून आता लेझरच हवा होता.

ती दुकानात आली तेव्हा तिच्या हातात रियाची जुनी वही होती. मला वाटलं हिशेबाची असेल. उघडून बघतो तर दोन महिन्यांचं टिपण. कुठल्या दिवशी लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली. दर मंगळवारी एक ते चार, दुरुस्तीसाठी.

“गुरुदादा, लेझर इन्व्हर्टरवर चलता?”

“नाय. तापताना एकदम वीज ओढता. तुमचो इन्व्हर्टर शिटी मारून झोपतलो.”

“म्हणजे लाइट आसा तोपर्यंतच छापूचा. बरा. कागद दमट झालो तर?”

“अडाकतलो.”

“तो मी सुको ठेवीन. आणि बिघाडली तर उघडूक कोणाक येता?”

“माका येता. मगे मी कित्याक आसय?”

“तुमी अर्ध्या तासावर आसास. माका उघडूक येयत अशी मशीन होई.”

मी तीन मशिनं टेबलावर काढली. एक स्कॅनरवालं, एक मोठं सेकंडहँड, एक छोटं. तिने प्रत्येकाचं झाकण स्वतः उघडलं, कार्ट्रिज काढलं, परत बसवलं, कागद मुद्दाम वाकडा घालून अडकवला आणि ओढून काढला. पाऊण तास. मागे चार गिऱ्हाइकं उभी. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली होती, पण मनातल्या मनात म्हटलं, बाई शहाणी आहे. तिने छोटंच निवडलं. त्याच्यात ड्रम आणि पावडर एकाच कार्ट्रिजमध्ये, काढघाल सोपी. माझ्या दुकानातही तेच मशीन आहे.

“एक कार्ट्रिज जास्तीचा देशात?” तिने विचारलं.

“कित्याक? हजार पाना सहज जातत त्येच्यावर. तुमी काय पेपर काढतास?”

मागची गिऱ्हाइकं हसली. आनंदीने वही मिटली. खरी गोष्ट अशी की जास्तीचं कार्ट्रिज माझ्याकडे नव्हतं, मागवायचा मला कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा मी थट्टेखाली झाकला.

त्या दिवशी तिने मशीन नेलं नाही. “आई म्हणतत, कौल घेवक होयो,” म्हणाली. आमच्याकडे बोट घेताना, विहीर खणताना, मुलीचं लग्न ठरवताना देवाला विचारतात, हे ठीक. पण प्रिंटरला कौल? मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने पाठीमागून माझा शर्ट ओढला.

कौल मी स्वतः बघितला, गावच्या देवळात. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मग त्याने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान घरात नवी मशीन आणूचा मनात धरल्यान हा.” आम्ही सातआठ जण मागे उभे होतो, आम्ही म्हटलं, “व्हय म्हाराजा.” गाऱ्हाणं असंच असतं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मागून होकार भरायचा. एकट्याचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही असं म्हातारी माणसं मानतात.

पाकळी डावीकडची पडली. राधाबाईने पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावीच.

“झाला,” राधाबाई म्हणाली, आणि चपला पायात सरकवून सरळ चालायला लागली. आनंदी पायरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर ती दारात उभी.

“मशीन द्या, दादा.”

“आणि राधाकाकी?”

“आई माझ्याशी बोलणत नाय. पण एक तारीख काय थांबाची नाय.”

मी मशीन बांधून दिलं. आठवडाभर कळत होतं ते एवढंच की मशीन छान चाललंय आणि सासू त्या खोलीत पाऊल टाकत नाही. जेवण वाढते, पण बोलते रियाशी. “तुझ्या आवशीक सांग, भात निवता.” असा कारभार.

आणि मग तो मंगळवार आला.

वकीलबाईंचं ते मोठं काम म्हणजे एक अपील. मुदतीचा शेवटचा दिवस. एकशेचाळीस पानं, चार प्रती. पाचशे साठ. शेवटच्या दुरुस्त्या सकाळी नऊला हातात आल्या. दीड वाजता वकीलबाई गाडी घेऊन दारात येणार आणि तिथून थेट ओरोसच्या जिल्हा कोर्टात. पण दीड वाजेपर्यंत वेळ होता असं नाही, कारण मंगळवार. एक वाजता लाइट जाणार.

दहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. “दादा, प्रत्येक पानावर काळी रेघ येता.” आवाज शांत होता. फार शांत होता, त्यावरूनच मला कळलं. दुकान बायकोवर टाकून मी निघालो.

पोचलो तेव्हा टेबलावर वीसेक पानं पडली होती, सगळ्यांवर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक रेघ, एकाच जागी. राधाबाई मधल्या दाराशी चौकट धरून उभी होती. मी झाकण उघडलं, कार्ट्रिज काढलं आणि मोबाइलची बॅटरी मारली. ड्रमवर, म्हणजे ज्या नळीवरून पानावर अक्षरं उमटतात तिच्यावर, ओरखडा. गोल, पूर्ण फेरीचा. आणि कडेला रुतून बसलेला तांदळाचा दाणा.

आनंदी कागद सुका राहावा म्हणून रीम तांदळाच्या पिंपात ठेवायची, हे मला तिथेच समजलं, कारण पिंप टेबलाच्या शेजारी होतं आणि त्यातून कागदाचं टोक दिसत होतं. झालं. माझं तोंड सुटलं.

“तांदळात कागद ठेवतास? अहो वैनी, ही मशीन आसा की भाताची गिरण? एवढी वही लिवलास, एवढी उघडझाप केलास, आणि अक्कल खंय ठेवलास? पिंपात?”

“मी प्रत्येक कागद झटकून घालतंय,” ती म्हणाली. “पिशवीत बांधून ठेवतंय, दादा. बघा.”

खरंच रीम प्लास्टिकच्या पिशवीत होतं. मी दाणा चिमटीने काढला आणि बोटावर घेतला. बोट लाल झालं. आत आणखी तीन दाणे होते. तेही लाल. कुंकवाचे तांदूळ. आतल्या पत्र्यावर कुंकवाचं बोटही टेकवलेलं होतं.

अक्षता. पिंपातल्या नव्हेत, देव्हाऱ्यातल्या.

आनंदीने दाराकडे बघितलं. मीही बघितलं. राधाबाईचा चेहरा असा झाला होता की दुसरा कोणी असता तर थांबला असता. मी थांबलो नाही. तेव्हा जे बोललो ते आता लिहिताना मला लाज वाटते.

“काकी, देवान नको म्हटल्यान म्हणान तुमी मशीनच मारलास? सुनेचा बरा झालेला बघवत नाय?”

राधाबाईने चौकट सोडली आणि ती मागच्या पडवीत गेली.

“दादा, गप ऱ्हवा,” आनंदी म्हणाली. “आधी कार्ट्रिज. बोलणा मगे.”

कार्ट्रिज. आठवड्यापूर्वी तिने मागितलं होतं आणि मी चार लोकांत तिला हसलो होतो. आता माझ्याकडे एकच होतं, दुकानातल्या माझ्या मशीनमध्ये बसवलेलं.

“पेनड्राइव्हवर द्या,” मी म्हटलं. “दुकानात छापून आणतंय. तासात.”

“नको.”

“अहो, कोणाक कळतला?”

“माका कळतला. वकीलबाईंका शब्द दिलंय, घराभायर छापूचंय नाय. तोच मोडलंय तर ह्या कामाक काय अर्थ?”

दहा पंचावन्न झाले होते. मी मोटरसायकलला किक मारली. तो रस्ता मी हजार वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर कोणीतरी आडवं आलं. एसटी, म्हशी, काजूची पोती भरलेला टेम्पो. डोक्यात आकडे चालू होते. मिनिटाला वीस पानं, पाचशे साठ पानांना अठ्ठावीस मिनिटं, कागद भरायला वेगळी, अडकला तर आणखी. दुकानात शिरलो आणि एका माणसाचं बिल अर्धवट छापून होत असताना मशीन बंद करून कार्ट्रिज उपसलं. तो माणूस बघत राहिला. बायकोने कार्ट्रिज जुन्या टॉवेलात गुंडाळून हातात दिलं.

परत पोचायला बारा वाजून पाच मिनिटं झाली. आनंदीने तोवर मशीन आतून ब्रशने साफ करून ठेवलं होतं. एकही दाणा ठेवला नव्हता. मी कार्ट्रिज बसवलं. पहिलं पान आलं. आम्ही दोघं त्याच्यावर वाकलो.

रेघ नव्हती.

मग सुरू झालं. ती पानं मोजून घेत होती, मी कागद भरत होतो. पहिली प्रत झाली. दुसरी झाली. भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं तरी मान आपोआप वळत होती. तिसऱ्या प्रतीच्या नव्वदाव्या पानाला कागद अडकला. माझा हात पुढे गेला, पण आनंदीचा आधी पोचला. झाकण, कार्ट्रिज, दोन बोटांत कागद, हलकेच ओढला, परत सगळं जागेवर. दुकानात पाऊण तास तिने हेच केलं होतं आणि मी वैतागलो होतो.

बारा सत्तावन्नला चौथ्या प्रतीचं शेवटचं पान बाहेर आलं. मी खाली जमिनीवर बसलो. माझ्या शर्टाचं पाणी पाणी झालं होतं.

पण प्रती शिवायच्या बाकी होत्या. चार गठ्ठे, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने. आनंदीने दाभण धरलं आणि ते तिच्या हातातून दोनदा निसटलं. इतका वेळ धरून ठेवलेला कंप आता सगळा बोटांत उतरला होता. तेवढ्यात मागच्या पडवीतून राधाबाई आली. खोलीत आली. सुनेच्या हातातलं दाभण घेतलं, खाली बसली, गठ्ठा गुडघ्यांत दाबला आणि शिवायला लागली. या बाईने आयुष्यभर नवऱ्याची मासे पकडायची जाळी विणली, दुरुस्त केली. चार गठ्ठे तिला काय? वीस मिनिटांत चारही तयार. वर मान केली नाही, आमच्यातल्या कोणाकडे बघितलं नाही.

लाइट गेली एक वाजून बावीस मिनिटांनी. आनंदीने वही ओढली आणि वेळ लिहून ठेवली.

वकीलबाई आल्या, गाडीतून न उतरताच गठ्ठे मांडीवर घेतले. चारही उलगडून बघितले, समास बघितले, शिवण ओढून बघितली.

“कुठे छापलंत?”

“इथेच. घरी,” आनंदी म्हणाली.

“बरं,” एवढं बोलून त्या गेल्या.

मला निघता येईना. जेवायला वाढलं, जेवलो. सगळ्यांचं लक्ष वकीलबाईंच्या फोनकडे होतं. रिया शाळेतून आली, तिला कळेना सगळे असे का बसलेत. साडेतीनला फोन आला. आनंदी उभी राहून ऐकत होती. “हो मॅडम. हो. गुरुवारी चालेल.” फोन ठेवला आणि भिंतीला टेकली. अपील दाखल झालं होतं. गुरुवारी पुढची फाइल येणार होती. तिने डोंबिवलीला कळवायचा मेसेज तिथेच उभ्याने टाइप केला आणि मग ती रडली, मोठ्याने, पदर वगैरे न घेता. रिया घाबरून तिला बिलगली.

मी पडवीत गेलो. राधाबाई कोकमाची सोलं निवडत होती.

“काकी, चुकलंय मी,” म्हटलं. “तोंडाक येयत ता बोललंय. पण तांदूळ आत घातलास कित्याक?”

तिने हातातलं सोल परडीत टाकलं.

“देवान दोनदा नाय म्हटल्यान,” ती म्हणाली. “मगे मी खंय जावचा होता? ही दोघा गेली तर माझा कोण आसा रे झिला? म्हणान आज सकाळी ती न्हावक गेली तेव्हा मी गेलंय आणि मशिनीकच गाऱ्हाणा घातलंय. बाय गो, चल, बंद पडा नको, तू बंद पडलंस तर माझी सून जातली. झाकण उघडून आत घातलंय, भायर घातलंय तर पोचात की नाय काय म्हायत.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आणि ‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणाला?”

“मीच म्हटलंय,” राधाबाई म्हणाली. “घरात दुसरा कोण होता?”

मागे दारात आनंदी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि सोलं निवडायला लागली. थोड्या वेळाने राधाबाई तिला म्हणाली, “खराब झालेली हय टाक गो.” आठवड्यातलं पहिलं बोलणं ते.

कार्ट्रिज नवीन आलं म्हणजे गाऱ्हाणंही नवीन घालायला हवं, हे राधाबाईचं मत पडलं. मी या वेळी वाद घातला नाही. मशीनच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आणि सांगितलं, काकी, अक्षता समोर पाटावर ठेवा, तिथूनही पोचतात. तिने हात जोडले आणि सुरुवात केली. मी, आनंदी आणि रिया मागे उभे राहिलो, आणि ती थांबेल तिथे आम्ही मागून होकार भरला. माझा आवाज मोठा आहे. सकाळी ज्या आवाजात तिच्यावर ओरडलो होतो, त्याच आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.”